खेळाचा पट, गणित आणि यंत्राची बुद्धी

(संस्थेच्या वार्षिक पारितोषिक वितरण समारंभात शिरवळ येथे पालक व विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



पारितोषिक वितरणाच्या दिवशी पाहुण्याने अभ्यासाचे महत्त्व सांगावे, अशी आपल्याकडे प्रथा आहे. मी आज खेळाविषयी बोलणार आहे. त्यातही मैदानी खेळांविषयी नव्हे, तर पटावर बसून खेळायच्या बैठ्या खेळांविषयी. हे ऐकून काही पालकांच्या कपाळाला आठी पडेल याची मला कल्पना आहे. ती आठी माझ्याही कपाळाला होती. म्हणून प्रथम माझ्याच एका चुकीची हकीकत सांगतो.

मी नुकताच गणिताचा शिक्षक झालो होतो. एका ऑफ तासाला वर्गात शिरलो तर दोन मुले मागच्या कोपऱ्यात, फरशीवर खडूने रेघा मारून वाघ-बकरी खेळत होती. वाघ म्हणजे चार खडे आणि बकऱ्या म्हणजे वीस चिंचोके. मी पायाने तो पट पुसला, चिंचोके बाहेर फेकले आणि दोघांना वर्गाबाहेर उभे केले. त्यांतील एकजण खाली मान घालून म्हणाला, "सर, एक विचारू? दोघांनीही एकही चूक न करता खेळले, तर शेवटी वाघ जिंकतो की बकऱ्या?" मी म्हणालो, "आधी सतराचा पाढा म्हण." पाढा त्याला आला नाही. त्याच्या प्रश्नाचे उत्तर मला आले नाही. परंतु ते मी कबूल केले नाही. पुढच्या वर्षी तो मुलगा शाळेत दिसला नाही. हायवेवरच्या एका गॅरेजात कामाला लागला, असे कळले.

पुष्कळ वर्षांनी माझ्या वाचनात आले की, हाच प्रश्न ज्यूरिख आणि सिंगापूर येथील संशोधकांनी विचारला होता. युर्ग नीव्हरगेल्ट आणि लिम यू जिन अशी त्यांची नावे. नेपाळात 'बाघ-चाल' म्हणून हाच खेळ पंचवीस ठिपक्यांच्या पटावर, चार वाघ आणि वीस बकऱ्या घेऊन खेळतात. त्या पटाचा संगणकाच्या मदतीने त्यांनी कित्येक वर्षे अभ्यास केला. ज्या प्रश्नावर विद्वानांनी वर्षे खर्च केली, तोच प्रश्न विचारल्याबद्दल मी एका मुलाला वर्गाबाहेर काढले होते. त्यांना काय उत्तर मिळाले, ते शेवटी सांगेन. आज सांगायचे आहे ते एवढेच, की खेळात वेळ वाया जातोच असे नाही. खेळातून उठलेला प्रश्न आपण सोडून देतो, तो मात्र वाया जातो.

प्रथम सर्वांना ठाऊक असलेला फुली-गोळ्याचा खेळ घेऊ. नऊ घरे, एकाची फुली, दुसऱ्याचा गोळा. पहिल्याला 9 जागा मोकळ्या, मग दुसऱ्याला 8, पुढे 7, 6 असे करत शेवटी 1. यांचा गुणाकार होतो 3,62,880. पण एखाद्याची ओळ लागली की डाव तिथेच संपतो. म्हणून प्रत्यक्षात शक्य असलेले डाव 2,55,168 भरतात. अडीच लाख डाव कोण तपासणार? येथेच गणिताची खुबी आहे. वहीचे पान फिरवून किंवा आरशात धरून ज्या मांडण्या सारख्याच दिसतात त्या एकच धरल्या, तर वेगळ्या अशा मांडण्या केवळ 765 उरतात. एवढ्या तर चिकाटीचा विद्यार्थी वहीत लिहून काढील. आणि निष्कर्ष असा निघतो की दोघेही नीट खेळले तर डाव नेहमी बरोबरीत सुटतो. मोजणे, सारखेपणा ओळखणे आणि शेवटाकडून मागे तपासत येणे, या तीन गोष्टींवर या विषयातील मोठमोठी संशोधने उभी आहेत.

आता बुद्धिबळाकडे वळू. बुद्धिबळाच्या पटावर पहिल्या घरात गव्हाचा एक दाणा, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात चार, असे दुप्पट करत चौसष्ट घरे भरण्याची गोष्ट आपण ऐकलेली आहे. एकूण दाणे किती? 1,84,46,74,40,73,70,95,51,615. सुमारे एक हजार वर्षांपूर्वी अल-बिरूनी या थोर विद्वानाने ही संख्या काढून दाखविली. त्याने चौसष्ट बेरजा केल्या नाहीत. सर्व घरांतील दाण्यांची बेरीज ही पासष्टाव्या घरात जेवढे दाणे आले असते, त्यापेक्षा बरोबर एकाने कमी असते, आणि ती पासष्टावी संख्या केवळ वर्ग करत गेल्याने मिळते. 2 चा वर्ग 4, 4 चा 16, 16 चा 256, 256 चा 65,536, पुढे 4,29,49,67,296, आणि याचा आणखी एकदा वर्ग. सहा पायऱ्यांत काम संपले! विद्यार्थ्यांनी आज घरी गेल्यावर हे करून पाहावे. शेवटच्या गुणाकाराला कागद थोडा मोठा घ्यावा.

अल-बिरूनी पुढे हिंदुस्थानात आला, संस्कृत शिकला, आणि येथील चौघांनी खेळायच्या बुद्धिबळाचे वर्णन त्याने आपल्या ग्रंथात करून ठेवले. हा खेळ आपल्याकडून चतुरंग या नावाने इराणात गेला, अरबांकडे शतरंज झाला. शह, मात, वजीर, प्यादे हे शब्द आपल्या मराठीत फारसीतून आले आणि इतके घरचे झाले की राजकारणातला काटशहसुद्धा पटावरूनच उचललेला आहे. नवव्या शतकात अब्बासी खिलाफतीत अल-अदली नावाचा नामांकित खेळाडू होऊन गेला. घोड्याने प्रत्येक घरात एकदाच पाय ठेवून चौसष्टही घरे कशी फिरावीत, हा प्रश्न त्याने सोडविला होता. त्याच्यानंतरच्या अस-सूलीने मांडलेला एक डाव तर शतकानुशतके कोणास सुटला नाही. तो विसाव्या शतकात रशियाचे ग्रँडमास्टर युरी अवेरबाख यांनी उलगडला. आणि त्याच नवव्या शतकात बगदादमध्ये अल-ख्वारिज्मी गणित लिहीत होता. संगणकाला पायरीपायरीने काम कसे करावे हे सांगणाऱ्या कृतीला आज साऱ्या जगात 'अल्गोरिदम' म्हणतात, तो शब्द याच विद्वानाच्या नावावरून पडला आहे.

आता विचार करणारे यंत्र ही कल्पना कशी वाढली ते पाहू. इंग्लंडातील गणितज्ञ ॲलन ट्युरिंग यांनी बुद्धिबळ खेळण्याचे नियम यंत्रासाठी लिहून काढले. परंतु ते चालविण्याजोगे यंत्रच त्यांच्याजवळ नव्हते. तेव्हा 1952 मध्ये ते स्वतःच यंत्र झाले! कागद-पेन्सिल घेऊन, आपलेच नियम काटेकोर पाळत, एकेका चालीला सुमारे अर्धा तास लावून ते एका सहकाऱ्याशी खेळले आणि हरले. साधन हाती नाही म्हणून काम थांबवायचे नसते, हा धडा विद्यार्थ्यांनी यातून घ्यावा.

त्याआधी 1950 मध्ये अमेरिकेतील क्लॉड शॅनन यांनी बुद्धिबळावर एक निबंध प्रसिद्ध केला. समजा, प्रत्येक वेळी सुमारे 30 चाली शक्य आहेत. मग तुमची एक आणि समोरच्याची एक धरून 900 शक्यता झाल्या. दोघांच्या दोन-दोन चालींच्या 8,10,000, आणि तीन-तीन चालींच्या 72 कोटी 90 लाख. सबंध डावांची संख्या शॅननने अंदाजली ती एकावर 120 शून्ये एवढी. सगळे तपासणे कोणत्याही यंत्राच्या आवाक्याबाहेरचे. म्हणून यंत्राने तीन गोष्टी कराव्यात असे ठरत गेले. एक, जमेल तितके पुढचे पाहावे. दोन, तेथे पोहोचल्यावर स्थिती किती चांगली याला गुण द्यावेत. प्याद्याला 1, हत्तीला 5, वजिराला 9 असे. तीन, जी चाल वाईट ठरल्याचे एकदा कळले, तिच्या पुढच्या फांद्या तपासत बसू नये. बाजारात आंबे घेताना वरचाच आंबा नासका निघाला तर आपण ती पेटी शेवटपर्यंत चाळत बसत नाही; तसाच हा प्रकार.

या मार्गाने काय साधले? कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाचे जोनाथन शेफर यांनी 1989 मध्ये चेकर्स या खेळावर काम सुरू केले. त्यांच्या यंत्रासमोर मेरियन टिन्स्ली बसले. ते स्वतः गणिताचे प्राध्यापक, आणि चेकर्समध्ये त्यांना हरविणे जवळजवळ अशक्य होते. 1992 च्या सामन्यात त्यांनी यंत्रावर मात केली. 1994 मध्ये पहिले सहा डाव बरोबरीत सुटल्यावर आजारपणामुळे त्यांना सामना सोडावा लागला, आणि पुढच्याच वर्षी ते वारले. शेफर यांनी काम सोडले नाही. पाचावर वीस शून्ये एवढ्या मांडण्यांचा हा खेळ 2007 मध्ये त्यांनी पूर्ण उलगडला: दोघेही न चुकता खेळले तर बरोबरी. एका प्रश्नासाठी अठरा वर्षे! आपण मात्र एखादे उदाहरण अठरा मिनिटांत सुटले नाही तर गाइड उघडतो.

बुद्धिबळात 1996 साली विश्वविजेत्या गॅरी कास्पारोव्ह यांनी 'डीप ब्लू' या यंत्राला 4–2 असे हरविले. 1997 च्या मे महिन्यात न्यूयॉर्क येथे त्याच यंत्राच्या सुधारलेल्या रूपाकडून ते साडेतीन–अडीच असे हरले. ते यंत्र सेकंदाला सुमारे 20 कोटी स्थिती तपासत असे. तरीही बुद्धिबळ हा खेळ संपूर्ण सुटलेला नाही. पटावर दोन्ही राजे धरून सात किंवा त्याहून कमी मोहरी उरली, तरच यंत्र बिनचूक उत्तर देऊ शकते.

यापुढची पायरी अधिक नवलाची आहे. चीन, जपान, कोरियाकडे 'गो' नावाचा खेळ आहे. पट 19 गुणिले 19 रेघांचा, म्हणजे 361 ठिपके. येथे नुसत्या मोजणीने काही साधत नव्हते. लंडनच्या 'डीपमाइंड' संस्थेने यंत्राला प्रथम माणसांचे डाव दाखविले, मग स्वतःशीच खेळायला लावले. मार्च 2016 मध्ये सोल येथे त्या यंत्राने ली सेडॉल या श्रेष्ठ खेळाडूचा 4–1 असा पराभव केला. डिसेंबर 2017 मध्ये तर त्याच संस्थेने असे यंत्र पुढे आणले की, ज्याला खेळाचे फक्त नियम सांगितले होते. ते स्वतःशी खेळले, हरले, चुकांवरून शिकले आणि बुद्धिबळातही आधीच्या यंत्रांना भारी ठरले.

पालक म्हणतील, "यातून पोटाला काय?" या संस्थेचे प्रमुख डेमिस हसाबिस हे लहानपणी बुद्धिबळाचे चमकदार खेळाडू होते. पटावर सिद्ध झालेली शिकण्याची पद्धत हाताशी घेऊन त्यांच्या मंडळींनी पुढे शरीरातील प्रथिनांचे आकार ओळखण्याचा प्रश्न हाती घेतला. औषधांच्या संशोधनात याचा मोठा उपयोग आहे. त्याबद्दल त्यांना 2024 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. पटावरचा प्रश्न कोठवर नेतो, हे यावरून दिसेल.

आता फाशांच्या खेळाकडे येऊ. फत्तेपूर शिक्रीला अकबर बादशहाचा भला मोठा पचिशीचा पट अंगणात आखलेला आहे. आपल्या घरी सोंगट्या आणि कवड्या होत्याच. सहा कवड्या टाकल्या तर उताण्या-पालथ्या मिळून 64 प्रकार होतात. एकही उताणी न पडण्याचा 1, एक पडण्याचे 6, दोन 15, तीन 20, चार 15, पाच 6, सहा 1. कवडी दोन्ही बाजूंनी सारखीच पडते असे यात धरले आहे. ती खरोखर तशी पडते का, हे विद्यार्थ्यांनी दोनशे वेळा टाकून नोंद करावी. याहून चांगला संभाव्यतेचा पाठ नाही. 1992 च्या सुमारास अमेरिकेत जेराल्ड टेसॉरो यांनी फाशांच्या नर्द म्हणजे बॅकगॅमन खेळात स्वतःशी खेळून शिकणारे यंत्र केले होते. गो खेळणाऱ्या यंत्राच्या आधीची ही मोठी पायरी.

पण येथेच एक स्पष्ट रेघ ओढली पाहिजे. मी खेळाची बाजू मांडतो आहे, जुगाराची नव्हे. गेल्या काही वर्षांत मोबाइलवर पैसे लावून रमी आणि ल्युडो खेळण्यात आपली किती मुले बुडाली, हे घरोघर ठाऊक आहे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने अशा खेळांवर बंदीचा कायदा केला. परंतु कायद्याआधी गणितच हे सांगत होते. समजा दोघांनी शंभर-शंभर रुपये लावले आणि जिंकणाऱ्याला 180 मिळाले. वीस रुपये मधल्या माणसाने ठेवले. दोघेही तोडीस तोड असतील, तर दर डावाला प्रत्येकाचे सरासरी दहा रुपये जातात. शंभर डावांत हजार. नशीब कोणाचेही असो, मधला माणूस कधीच हरत नाही. ज्या मुलाला हा हिशेब येतो, त्याला दहादा बजावावे लागत नाही.

आता आपल्या मुलखाकडे पाहू. येथून हायवेने सातारा, कराड ओलांडले की सांगली. त्या गावात भाऊसाहेब पडसलगीकर यांनी 1941 मध्ये नूतन बुद्धिबळ मंडळ काढले आणि गाव बुद्धिबळाच्या नकाशावर आणले. भाग्यश्री साठे-ठिपसे सांगलीच्याच. त्या अनेकदा राष्ट्रीय विजेत्या झाल्या. मूळच्या सांगलीच्या खाडिलकर घराण्यातील वासंती 1974 मध्ये महिलांच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत विजेत्या ठरल्या, आणि त्यांची बहीण रोहिणी 1981 मध्ये आशियाई विजेती. 2025 च्या जुलैमध्ये नागपूरच्या दिव्या देशमुखने महिलांचा विश्वचषक जिंकला. या मुलींच्या हाती कोणी तरी पट दिला आणि घरच्यांनी त्यांना बाहेरगावी पाठविले, एवढेच मी दाखवू इच्छितो.

याच्या उलट बाजूचेही उदाहरण आहे. पंजाबचे मीर सुलतान खान 1929 मध्ये इंग्लंडला गेले, आणि 1929, 1932 व 1933 असे तीनदा ब्रिटिश विजेते झाले. विश्वविजेतेपद भूषविलेल्या कापाब्लांकालाही त्यांनी हरविले. त्याच घरच्या फातिमा नावाच्या एका तरुणीने 1933 मध्ये महिलांची ब्रिटिश स्पर्धा जिंकली. ज्या सरदारांच्या आश्रयाने ही दोघे तेथे गेली होती, ते मायदेशी परतले. त्यांच्याबरोबर ही दोघेही परतली आणि त्यांचा मोठ्या स्पर्धांतील खेळ तेथेच थांबला. सुलतान खान यांचे 1966 मध्ये निधन झाले. मानद ग्रँडमास्टर किताब त्यांना मिळाला तो 2024 मध्ये. फातिमांविषयी पुढे फारसे कोणी लिहिलेच नाही. गुण दुसऱ्याच्या मर्जीवर टांगलेला असला की असे होते. शिक्षण हेच ती दोरी सोडविते. मुलींना पहिल्यांदा शाळेची वाट दाखविणाऱ्या सावित्रीबाईंचे जन्मगाव नायगाव आपल्याच खंडाळा तालुक्यात आहे. त्या मातीत राहून आपण दहावीनंतर मुलीचे नाव शाळेतून काढावे, हे आपणांस शोभत नाही.

विद्यार्थ्यांना शेवटी एकच सांगतो. आज मोबाइलमधले यंत्र जगज्जेत्याहून सरस बुद्धिबळ खेळते आणि तुमचा गृहपाठही लिहून देते. चांगले खेळाडू या यंत्राचा उपयोग कसा करतात ते पाहा. ते आधी स्वतः खेळतात, स्वतः विचार करतात, आपली चाल लिहून ठेवतात, आणि मग यंत्राला विचारतात, "माझे कोठे चुकले?" जो आधीच यंत्राला विचारतो, तो खेळाडू होत नाही, तो दुसऱ्याच्या सोंगट्या सरकवणारा हमाल होतो. गणिताच्या वहीलाही हाच नियम लावा.

आणि पालकांनो, आपणांस एक विनंती. मूल पटावर बसले की ओरडण्याआधी एक प्रश्न विचारा: "किती प्रकारे खेळता येईल?" किंवा "ही चाल का?" उत्तर आपल्याला आले नाही तरी हरकत नाही. "मला ठाऊक नाही, तू शोधून सांग," एवढे म्हणण्याचे धैर्य ठेवा. ते धैर्य माझ्याजवळ तेव्हा नव्हते.

काही महिन्यांपूर्वी त्या गॅरेजवर मी मुद्दाम गेलो. त्याने हात पुसून मला सलाम केला, चहा मागविला. मी म्हणालो, "बाबा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले. दोघांनीही चूक केली नाही, तर वाघही जिंकत नाही आणि बकऱ्याही नाहीत. बरोबरी." तो बराच वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "सर, मला तेव्हापण तसंच वाटत होतं. पण कसं दाखवायचं ते येत नव्हतं."

कसे दाखवायचे, ते शिकविण्यासाठीच शाळा असते. तो मुलगा आपल्या हातून सुटला. आज या मंडपात बसलेल्यांपैकी एकही सुटू नये, एवढीच दुआ करून मी आपली रजा घेतो.

खुदा हाफिज.